दिवाणावरच्या महालक्ष्म्या

दुर्गाबाईंना कशाची भीती वाटत नाही, हे शोधायचं म्हटलं तर दिवस पुरला नसता. गॅसचा सिलिंडर, पाल, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, विजेचा कडकडाट, इतकंच काय, फुटलेल्या नारळाच्या आतला रंग जरा काळसर निघाला तरी त्या दचकायच्या. पण महालक्ष्म्यांची भीती या सगळ्यांच्या वर. त्या नवी नवरी म्हणून तीर्थपुरीला आल्या, त्या पहिल्याच वर्षी त्यांचा पदर अडकला आणि बसवलेली महालक्ष्मी इंचभर सरकली होती. त्याच महिन्यात सासरे ओट्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडून बसले. सासूबाईंनी तो इंच मरेपर्यंत विसरू दिला नाही.

पुढं मुलगा कल्याण जालन्याला आला, मस्तगडात दोन खोल्यांचं घर घेतलं, हार्डवेअरचं दुकान टाकलं. महालक्ष्म्याही आल्या आणि दुर्गाबाईंची भीतीही आली. एकदा बसवल्या की तिसऱ्या दिवसापर्यंत हलवायच्या नाहीत, हा नियम सगळ्यांच्याच घरी असतो. दुर्गाबाईंनी त्यात आपल्या पदरचा एक घातला होता. बसलेल्या लक्ष्म्यांपुढं पोरांनी आवाज करायचा नाही. केला तर त्या कोपतात.

"कोपल्यावर काय करतेत?" साडेचार वर्षांच्या नातीनं, आकांक्षानं, सकाळीच विचारलं होतं.

"घरातलं मानूस नेतेत," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुरणाची डाळ निवडायला लागल्या.

घर लहान म्हणून महालक्ष्म्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसायच्या. दिवाण म्हणजे फळ्यांची लांबलचक पेटीच. वरचं झाकण उचललं की आत गोधड्या, जुन्या साड्या, सजावटीचं सामान. यंदा सून वंदना दुपारभर स्वयंपाकात अडकलेली, कल्याण दुकानात. दुर्गाबाईंनी एकटीनंच दिवाण रिकामा केला, गोधड्यांचा ढीग आत नेऊन ठेवला. एक जाडी गोधडी तळाला कोपऱ्यात राहिली, ती राहू दिली. शेजारच्या फरहानाचा फहीम आणि आकांक्षा घरभर लपाछपी खेळत होते, त्यांना दोनदा हाकललं. मुहूर्त टळत आलेला. झाकण नीट बसेना, भाद्रपदातल्या ओलीनं फुगलं असेल म्हणून त्यांनी वरून गुडघा देऊन दाबलं. त्यावर चादर, चादरीवर पाट, पाटांवर धान्यानं भरलेल्या कोठ्या, कोठ्यांना साड्या. सातच्या आत लक्ष्म्यांचे मुखवटे दारातून वाजतगाजत घरात आले आणि कोठ्यांवर बसले. वंदना ताटलीवर चमचा बडवत होती. आरतीला कल्याणही आला. आरती संपून सगळे हात जोडून उभे असताना कुठूनतरी ठक ठक आवाज आला.

"गप बसा गं पोरंहो!" दुर्गाबाई डोळे मिटूनच ओरडल्या. "लक्ष्म्या बसल्यात!"

आवाज थांबला. त्यांना बरं वाटलं.

पाच मिनिटांनी वंदनानं प्रसादाला पोरीला हाक मारली आणि पोरगी आली नाही.

आधी कुणाला काही वाटलं नाही. फरहानाकडं असेल. फरहाना दारात आली, तिच्या मागून फहीम आला, एकटाच. "मी तर कवाच घरी आल्तो," तो म्हणाला. "मला सापडलीच न्हाई ती."

मग मात्र घराला घाम फुटला. संडास, गच्ची, पाण्याची टाकी. कल्याणनं टाकीचं झाकण उघडलं, पण त्याला आत पाहवेना. फरहानानं मोबाइलचा उजेड धरला आणि वाकून तिनंच आत पाहिलं. टाकीत नुसतं पाणी होतं. कल्याण कुंडलिका नदीच्या बाजूला धावत गेला. यंदा नदीला पाणी होतं, आणि ते सगळ्यांच्याच मनात आलं, पण तोंडातून कुणी काढलं नाही. वंदना अनवाणीच गल्लीत हाका मारत सुटली.

दुर्गाबाई घरात एकट्या राहिल्या. महालक्ष्म्यांसमोर त्या गुडघ्यावर बसल्या. नेतेत म्हणाले ना मी सकाळी, माझ्याच तोंडानं म्हणाले. घरातलं मानूस नेतेत.

"चुकलं असंल तर मला न्या," त्या पुटपुटल्या. "लेकराला सोडा माय. मी म्हातारी हाय, मला न्या."

बोलता बोलता त्यांनी कपाळ दिवाणाच्या कडेला टेकवलं. गार लाकूड कपाळाला लागलं आणि ती ठकठक त्यांना आठवली. पोरं बाहेरच्या जिन्यावर दंगा करतायत असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. पण जिना लोखंडी होता. लोखंडावर असा बसका आवाज येत नाही. तो लाकडाचा होता.

गुडघ्याखाली न बसणारं झाकण. कोपऱ्यात राहिलेली जाडी गोधडी.

दुर्गाबाईंनी कशाला हात जोडले नाहीत, कुणाला हाक मारली नाही. उभ्या राहिल्या आणि ज्येष्ठा महालक्ष्मीच्या कमरेला मिठी घालून तिला पाटासकट ओढलं. कोठी कलंडली, गहू खोलीभर सांडले.

"आत्याबाई! अहो काय करून राह्यल्या!" गल्लीतून परतलेली वंदना दारातून किंचाळली.

दुर्गाबाईंनी धाकट्या कनिष्ठेला हाताच्या फटक्यानं बाजूला लोटलं. शाडूचा मुखवटा फरशीवर पडला, नाकाचा टवका उडाला. त्यांनी चादर ओढली. "झाकन धर!" त्या ओरडल्या. "धर, जल्दी!"

दोघींनी झाकण उचललं. आतून कोंदट, गरम वाफ आली. कोपऱ्यात गोधडीखाली आकांक्षा अंगाचं मुटकुळं करून पडली होती. केस घामानं चिकटलेले, ओठ पांढरे, डोळे मिटलेले. वंदनानं तिला उचललं तेव्हा तिची मान मागं पडली, आणि वंदनाच्या घशातून जो आवाज निघाला तो दुर्गाबाईंना पुढं कितीतरी दिवस स्वयंपाक करतानाही ऐकू यायचा.

ओरडा ऐकून फरहाना धावत आली. तिनं तोंडावर पाणी मारलं, पंखा मोठा केला, तळपाय घासले. पोरगी खोकली. मग मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. झाकण फुगलेलं होतं म्हणूनच कडेला बोटभर फट राहिली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या फटीनं वाचवलं.

नदीवरून परतलेला कल्याण पोरीला घेऊन दवाखान्यात जाऊन आला तोवर वंदना आणि फरहानानं गहू भरले होते. कनिष्ठा मात्र तुटक्या नाकानं भिंतीला टेकून होती. दुर्गाबाई तिच्याकडं पाहत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिची भीती वाटत नव्हती. वाटायला पाहिजे, हे कळत होतं, पण वाटत नव्हती.

आकांक्षा आजीच्या मांडीवर येऊन बसली. दुर्गाबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला.

"आवाज कामून न्हाई दिला गं बाई?"

"दिल्ता की," आकांक्षा म्हणाली. "ठकठक केल्तं. मंग तू म्हनली गप बसा, लक्ष्म्या बसल्यात. मंग मी गपच बसले. तोंडावर हात ठिवला, आवाज येऊ नये म्हनून."

वंदनानं सासूकडं पाहिलं आणि मान फिरवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दिवाण उघडेपर्यंत दुर्गाबाई लक्ष्म्यांना भीत होत्या, आता त्यांना स्वतःचीच भीती वाटली. झाकणावर आपण गुडघा दिला, हे एक झालं. पण त्या अंधारात लेकराच्या तोंडावर हात ठेवायला लावला, तोही आपणच.

त्यांनी कोपऱ्यातली ताटली आणि चमचा ओढला आणि नातीच्या हातात दिला.

"वाजव."

"कोपतील ना."

"न्हाई कोपत. मी खोटं बोलले व्हते. बिलकुल कोपत न्हाई. जोरात वाजव. अन ऐक, कुनीबी बसलेलं असू दे, कुनीबी गप बस म्हनू दे, तू वरडायचं. वरडशील ना?"

आकांक्षानं मान हलवली. आधी नाक तुटलेल्या महालक्ष्मीकडं पाहिलं, मग आजीकडं. मग तिनं चमचा ताटलीला लावला, इतका हळू, की आवाज झालाच नाही.