रबराच्या झाडाची ओ

आमच्या बोलत्या शब्दकोशासाठी रबराच्या झाडाला कुठल्या भाषेत काय म्हणतात, ते मी रेकॉर्ड करत होतो. फ्रेंच बाई 'हेवेआ' म्हणून गेल्या, पोर्तुगीज गृहस्थ 'सेरिंगेइरा', मलाय विद्यार्थी 'पोकोक गेताह'. कुणाची काही कटकट नाही. अडून बसले ते लेकीबरोबर आलेले एक म्हातारे बाबा.

बाबांची भाषा बोलणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या लेकीलाही ती येत नव्हती. निदान त्यांचा आवाज तरी राहावा म्हणून तिचा जीव तुटत होता. पाणी, मीठ, आई, सगळं बाबा धडाधड बोलले. या शब्दापाशी आले आणि तोंडाला कुलूप.

"अहो, साधं झाडाचं नाव तर आहे!" मी वैतागलो. धीर धरणं आमच्या खानदानात नाही.

"नुसतं नाव नाही ते," बाबा म्हणाले. "आम्ही पहाटे अंधारात चीक काढायला जायचो. एकाने झाडाचं नाव घेऊन हाक मारायची, बाकीच्यांनी तेच नाव घेऊन ओ द्यायची. म्हणजे सगळे धड आहेत. एकदा मी हाक मारली आणि दादाची ओ आलीच नाही. सगळा मळा पालथा घातला, पण तो सापडला नाही. त्यानंतर ते नाव मी घेतलं नाही. पुन्हा ओ आली नाही तर?"

"माझ्यासाठी एकदा, बाबा," लेक म्हणाली.

त्यांनी डोळे मिटून हाक मारली. एवढ्याशा छातीतून केवढा तो आवाज! एरवी शब्द संपला की मी मशीन बंद करतो. आज हातच धजेना. बाबा मान कलती करून ऐकत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"आली," ते म्हणाले. "तुम्हाला आली ना ऐकू?"

माझ्या हेडफोनमध्ये काही म्हणजे काही आलं नव्हतं. लेकीने माझी बाही घट्ट धरली.

"आली," मी म्हणालो.

"काय म्हणाला तो?" बाबांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! एकदाच ऐकलेला तो शब्द मी कसाबसा, अडखळत उच्चारला. जीभ कुठे वळवायची तेही कळेना. वाटलं, आता पितळ उघडं पडणार.

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगदी असंच. दादाची जीभ जड होती, तो असाच अडखळायचा."

बाबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"इतके दिवस होतास कुठे रे, दादा?"