कंप्रेसर गेला म्हणणारे

बाबांची गाडी दुपारी चारला जाणार होती. यशने, माझ्या धाकट्या भावाने, गिऱ्हाईक ठरवलं, आईचा होकार मिळवला आणि सकाळी मला फोनवर कळवलं, गॅसचा सिलिंडर बदलल्याचं कळवावं तसं. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते. एसीचा कंप्रेसर गेलाय, तो बदलण्यात अर्थ नाही, आणि चेन्नईच्या जूनमध्ये एसीशिवाय आईला कुठे नेणार, हे त्याचं म्हणणं. आईची अट एकच होती : एसी चालला तर गाडी राहील.

मी आईकडे वेलचेरीला पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये होती. कंप्रेसर गेला हे कसं कळलं, असं मी विचारलं. यश सिरुसेरीला सॉफ्टवेअर तपासतो. त्याने बटण तीनदा दाबलं होतं, गाडी बंद करून परत चालू केली होती आणि मग फोनवर दोन व्हिडिओ पाहिले होते, तेही दीडपट वेगाने. दुसरं मत एका मेकॅनिकचं. ते त्याने बॉनेट न उघडता, किंबहुना गाडी न बघताच फोनवर दिलं होतं. तिसरं तळमजल्यावरच्या कृष्णस्वामी अंकलचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सोसायटीतल्या लिफ्टपासून गुडघ्यांपर्यंत सगळ्याचं निदान करतात. आत्ताही प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते.

"पोच्चु, मा," ते म्हणाले. "कंप्रेसर पोच्चु." गेला म्हणजे गेलाच. तमिळमध्ये ते अधिकच शेवटचं वाटतं.

मी वरून बाबांची हत्यारांची पेटी आणली. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बाबा एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. रविवारी ते गाडीखाली शिरत आणि मी टॉर्च धरून उभी राहत असे. यश तेव्हा क्रिकेट खेळायला जाई.

"ताई, तू कॉलेजात साहित्य शिकवतेस," यश म्हणाला. "पुस्तकं वाचून गाडी दुरुस्त होत नाही."

"व्हिडिओ बघून तुझी झालीच आहे ना."

एसीचा फ्यूज काढून मीटर लावला. चांगला होता. इंजिन चालू करून एसी लावला. पंखा घोंघावला, वारा आला, पण कंप्रेसरचा क्लच पकडताना जो आवाज येतो तो आला नाही. इंजिन बंद केलं, कंप्रेसरचा प्लग सोडवला आणि बॅटरीवरून थेट वायर लावली.

टक्.

"हे काय?" यशने विचारलं.

"तुझा गेलेला कंप्रेसर. मेलेला असा आवाज करत नाही," मी म्हणाले आणि लगेच वाटलं, हे वाक्य नको होतं. यशही खाली बघायला लागला.

म्हणजे कंप्रेसर ठीक होता, त्याच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. राहिला रिले, म्हणजे वीज पुढे सोडणारी काड्यापेटीएवढी काळी डबी. बॅटरीशेजारच्या पेटीचं झाकण मी उघडलं. इथे खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, सोसायटीतल्या झाडून सगळ्या गाड्यांना कृष्णस्वामी अंकल चंदन-कुंकू लावतात, तेही बॉनेट उघडून. आमच्या बॅटरीवर, झाकणावर, जिथे बोट पोचेल तिथे वाळलेले ठिपके होते. आत एका रिलेवरही लाल रेघ होती.

"ते मी पाहिलंय," यश म्हणाला. "पूजेचं आहे. हात नाही लावला."

यश देव मानत नाही. बाबांच्या दहाव्यालाही तो सगळ्यांना तेच ऐकवत होता. पण कुंकवाला तो घाबरतो. अंकलनी मान डोलावली, जणू गाडी बिघडलेली राहिली तरी चालेल, पावित्र्य टिकलं पाहिजे.

मी अंगठ्याने ती रेघ घासली. कुंकू उडालं असतं. ही उडाली नाही. हा रंग होता. बाबांच्या कारखान्यात नापास झालेल्या भागावर अशी लाल रेघ मारत, आणि घरीही त्यांनी ती सवय सोडली नव्हती. संपलेले सेल, जळालेला स्विच, सगळ्यांवर रेघ. गाडीच्या याच रिलेवर त्यांनी लिहून ठेवलं होतं की हा बिघडलाय, आणि तीन तज्ज्ञ त्याला नमस्कार करून बसले होते.

मी तो उपटला. शेजारचा हॉर्नचा रिले अगदी तसाच होता, तो काढून तिथे बसवला. इंजिन चालू केलं. टक्. मिनिटभरात गार हवा आली.

कृष्णस्वामी अंकल म्हणाले, त्यांना पहिल्यापासून इलेक्ट्रिकलचाच संशय होता.

पण बिघडलेला रिले बाबांनी मुद्दाम तिथे का बसवला? मी हे बोलले तेव्हा आई ताकाचे ग्लास घेऊन लिफ्टमधून बाहेर येत होती. माझ्या हातातली डबी बघून ती थांबली.

"माझं नेलपॉलिश आहे ते," आई म्हणाली. "एप्रिलमध्ये सिग्नलला इंजिन तापलं. रेडिएटरच्या पंख्याचा तो गेला होता. यांनी एसीचा काढून पंख्याला दिला आणि गेलेला इथे ठेवला. म्हणाले, आधी इंजिन, मग आपण. घरी आल्यावर खूण केली. नवा आणणार होते. मग ॲडमिटच झाले."

"आई, मग तू बोलली का नाहीस? मी कंप्रेसर कंप्रेसर करत होतो," यश म्हणाला.

"मला विचारलं कोणी? मला काय ठाऊक कंप्रेसर कुठला आणि हे कुठलं. मला वाटलं, तुम्ही एवढी शिकलेली माणसं सांगताय, तर तोही गेला असेल."

यशकडे मी तुच्छतेने बघणार होते. पण पाच आठवडे रोज फोन करून मी तिला गोळी घेतलीस का, जेवलीस का, एवढंच विचारलं होतं. त्या गाडीत बाबांच्या शेजारी शेवटपर्यंत कोण बसत होतं, याचा विचार तीन तज्ज्ञांनी केला नव्हता आणि चौथीनेही नाही.

आईने ग्लास अंकलच्या हातात दिले, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसली. व्हेंटवर हात ठेवला.

"यश, त्या माणसाला फोन कर. गाडी द्यायची नाही म्हणावं."

"अगं पण तो निघाला असेल. आणि चौदा वर्षं जुनी—"

"यश."

त्याने फोन काढला आणि खांबाआड गेला.

"हॉर्न वाजणार नाही, मा!" दोन्ही हातांत ग्लास धरलेले अंकल ओरडले.

"मग हळू चालव," आई मला म्हणाली. "गिंडीच्या दुकानात तो रिले मिळतो, असं हे म्हणत होते. आणायचा राहिलाय. बस लवकर आणि दार लाव, गारवा जातोय सगळा."