दाराखालची पाचर

मी दाराखालची पाचर बोलतेय. कुणाच्या कामात अडथळा आला की माणसं म्हणतात, 'पाचर मारली'. मी मात्र जन्मभर वाट मोकळी ठेवली.

मोडक्या बाकाच्या पायातून सुताराने मला तासलं आणि कॉम्प्युटर लॅबच्या दाराखाली सरकवलं. ते दार आपोआप मिटायचं, कार्ड लावल्याशिवाय उघडायचं नाही, आणि आत उकडून जीव जायचा. मी आले तसा वारा येऊ लागला. त्या वाऱ्यात पेंगताना मला झाडाची स्वप्नं पडायची. माणसं मला ओलांडून जायची, खाली कुणी बघायचं नाही.

एका दुपारी एम.एस्सी.च्या नव्या मुलांचा माहिती-सुरक्षेचा पहिला तास होता. मॅडम सांगत होत्या, "तीन गोष्टी लक्षात ठेवा. गुपित गुपित राहावं, त्यात कुणी फेरफार करू नये, आणि ज्याचं आहे त्याला हवं तेव्हा मिळावं."

मुलं पासवर्डवरून हमरीतुमरीवर आली होती. तेवढ्यात निळ्या शर्टातला एक माणूस आत आला आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर उचलून निघाला.

"काका, जपून हं, वायर लोंबतेय," म्हणत एकाने ती गुंडाळूनही दिली.

थोड्या वेळाने पीएच.डी. करणारी ताई आली. रिकामा कोपरा बघून मटकन खालीच बसली.

"माझं सगळं काम त्यात होतं हो! कॉपीसुद्धा नाही केलेली..."

ती रडायला लागली. मला माझीच लाज वाटली.

मॅडम ओशाळल्या. "अगं, तो माझा भाऊ. या सगळ्यांची परीक्षा घ्यायला मीच पाठवला होता. बंद पडलेला उचलून ने, म्हटलं, तर या शहाण्याने तुझा उचलला!"

भाऊ गाडीपाशीच होता. कॉम्प्युटर परत आला. मॅडमनी विचारलं, "कुलूप कुणी तोडलं?" सगळे कुलपाकडे बघू लागले. ताईने डोळे पुसले, वाकली आणि मला ओढून काढलं. दार हळूच मिटलं.

पुढे मी मॅडमच्या टेबलावर पडून राहिले. वारा नाही, स्वप्नं नाहीत. ताईची पीएच.डी. झाली, तेव्हा तिने मॅडमकडे मला मागून घेतलं.

आता मी तिच्या घरी, गच्चीच्या दाराखाली असते. पुन्हा झाडाची स्वप्नं पडतात. तुमच्याही दाराखाली माझी एखादी बहीण असेल. तिला टाकून देऊ नका, फक्त विसरू नका. ताई घराबाहेर पडताना वाकते, मला काढते, दार लावते. परत आली की पुन्हा सरकवते. कुणीतरी खाली बघावं, एवढंच तर मला हवं होतं.