हात ढिला सोडा

"मॅडम, हात ढिला सोडा ना," मयुरी म्हणाली. ही तिसरी वेळ होती.

"सोडलाय की," सुनंदाबाई खेकसल्या.

कसला सोडलाय! मूठ आवळलेली, मान ताठ, डोळे मशीनकडे. एवढ्याशा टेबलावर त्यांनी चार वेळा कूस बदलली होती, दोनदा पांघरूण झटकलं होतं. मयुरी बिचारी कालपरवा नोकरीला लागलेली टेक्निशियन. तिला ठाऊक नव्हतं की हे वाक्यच मुळात टेबलावर पडलेल्या या बाईंचं आहे.

धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात नसा तपासायचं मशीन पहिल्यांदा आणलं ते डॉ. सुनंदाबाईंनी. तोवर शरीरक्रिया विभागात नस म्हटली की बेडकाची. मोठं संशोधन काय ते मुंबई-पुण्याला व्हायचं, धुळ्याने पोर्शन संपवायचा, अशी सगळ्यांची गोड समजूत. बाईंनी ती ऐकूनच घेतली नाही. केळीचा घड खांद्यावरून वाहणाऱ्या माणसांचे हात लुळे का पडतात, या एकाच प्रश्नाने त्यांना झपाटलं. मशीन भाड्याच्या जीपमध्ये टाकायचं आणि यावलच्या केळीबागांमध्ये जाऊन उभं राहायचं. लोकांनी नाव पाडलं, करंटवाली बाई. त्या सांगायच्या, "हात शिथिल करा." एका म्हाताऱ्याने हात काढून घेतला आणि विचारलं, "शिथिल म्हंजे काय वं बाई? आधी ते तरी सांग!" त्या दिवसापासून वाक्य बदललं. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं गावोगाव गेली, वाक्यही गेलं. खांद्यात कुठली नस घडाखाली चेपते ते बाईंनी आधी सिद्ध केलं, मग घडाखाली जाड गादी घ्यायला लावली. परदेशातल्या लोकांनी पत्रं पाठवून शाबासकी दिली. धुळ्यात मात्र निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि नावात चूक.

आज तपासणीलाही त्या धुळ्यात थांबल्या नव्हत्या. तिथे शिंकलं तरी कॉलेजभर होतं. म्हणून जळगावला, आपल्या विद्यार्थ्याच्या, डॉ. हितेंद्रच्या दवाखान्यात. सोबत धाकटा भाऊ गिरधर. नको नको म्हणताना तो कपाशीची वेचणी टाकून एसटीत शेजारी येऊन बसला होता. आता बाहेरच्या बाकावर होता आणि दर थोड्या वेळाने पडद्याआडून विचारत होता, "अक्का, व्हयनं का?"

सुरुवात झाली होती साडीच्या पिनेपासून. पिन लागेना. मग कुलपात किल्ली फिरेना. मग एक दिवस उजेडात हात धरून पाहिला, तर उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसलेला. घरी त्यांनी सांगून टाकलं, "मनगटात नस दबलीय. छोटंसं ऑपरेशन, झालं." गिरधरने विश्वास ठेवला. अक्काने सांगितलं म्हणजे संपलंच.

बाईंनी मात्र स्वतःवर विश्वास ठेवला नव्हता. पदराखाली दंडावर काहीतरी फडफडायचं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, नुसतं कातडीखाली आपल्याआपण फडफडायचं. उभा जन्म ज्यांनी नसा वाचल्या, त्यांना ही फडफड काय सांगते ते कळत नव्हतं थोडंच! नस दबली असेल तर मेंदूचा हुकूम स्नायूंना नेणारी बाजूही मंदावते आणि स्पर्श आणणारी बाजूही. पण स्पर्शाची बाजू साफ आणि स्नायू तरी सुकतोय, म्हणजे दुसरं काही. म्हणजे हुकूम नेणाऱ्या नसा मुळापासून मरतायत. आधी हात, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. औषध नावापुरतं. आणि स्पर्श मात्र अखेरपर्यंत शाबूत, सगळं कळत राहणार. अशी माणसं बाईंनी पाहिली होती. त्यांच्या घरच्यांना खुर्चीवर बसवून सांगितलंही होतं.

अंगठ्याची तपासणी झाली. मशीनवरची लाट ठेंगणी निघाली. ते ठीकच, ते माहीत होतं.

"आता स्पर्शाची नस बघते हं," मयुरीने बोटांत कड्या अडकवल्या.

देव-देव करणाऱ्यांची सुनंदाबाईंनी आयुष्यभर टिंगल केली होती. आता त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात गयावया केली. मंद निघू दे रे. बिघडलेली निघू दे. एवढं एक कर.

टक्. टक्. टक्. बोटांत झिणझिण्या उठल्या. सगळ्या, स्वच्छ, जिथल्या तिथे.

मशीनवर आकडे उमटले. मयुरीचा चेहरा फुलला.

"मॅडम! एकदम नॉर्मल!"

हितेंद्र दाराशी उभा होता. त्याने मशीनकडे एकदा पाहिलं आणि मग तो फरशीकडेच बघत राहिला. बाईंनी त्याला फार चांगलं शिकवलं होतं. हीच काय ती पंचाईत.

तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला.

"नॉर्मल शे?" गिरधर आतच घुसला. "मी सांगेल व्हतं ना! काही व्हयेल नही तुले. उगाच जीव खाई ऱ्हायनी व्हती मना!" डोळ्यांतलं पाणी उपरण्याने पुसत त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "ऐक, अक्कानं बठ्ठं नॉर्मल शे! हाव, बठ्ठं! सांजले खापरनी पोळी कर!"

फोनवर बोलतच तो बाहेर गेला. मयुरी हसली. हितेंद्रने घसा खाकरला. "मॅडम, अजून सुईची तपासणी बाकी..."

"पुढच्या आठवड्यात," बाई उठून बसल्या.

"गिरधरमामांना मी सांगू का?"

"मी सांगेन. माझं तोंड अजून चालतंय." मग त्यांना वाटलं, फारच जोरात बोललो आपण. त्यांनी आवाज उतरवला. "आज नको रे. पुरणपोळी खाऊ दे त्याला."

हितेंद्र वाकून पाया पडला. एरवी पाया पडणाऱ्यावर त्या ओरडायच्या. आज ओरडल्या नाहीत.

बसस्टँडवर गारठा होता. धुळ्याची गाडी लागली तशी माणसं दाराशी धावली. सुनंदाबाई पुढे झाल्या, दांडी धरली आणि उजवा हात दांडीवरून घसरला. मागून गिरधरने त्यांना सावरलं आणि वर चढवलं. एरवी त्यांनी तो हात झटकला असता. कुणी आधार दिला की त्यांचं डोकं फिरायचं, पार लहानपणापासून. आज त्याच हाताच्या आधाराने त्या खिडकीशी जाऊन बसल्या.

"कितला गार पडना तुना हात," म्हणत गिरधरने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि चोळायला लागला. तळव्याचा प्रत्येक घट्टा, कपाशीच्या बोंडांनी ओरखडलेली प्रत्येक रेघ बाईंना कळत होती. ऊब कळत होती. त्यांना इतकं रडू आलं की त्यांनी तोंड काचेकडे फिरवलं. बघ ना, किती नॉर्मल, त्या स्वतःशी म्हणाल्या.

चोळता चोळता गिरधरचा हात वर दंडापर्यंत गेला आणि थांबला.

"अक्का, आठे काय फडफडस वं?"

कॉलेजात गेल्यापासून सुनंदाबाई घरची बोली बोलल्या नव्हत्या. कुणी बोललं तर सुधारायच्या. आज ती आपसूक तोंडात आली.

"नस शे ती. जिती शे, म्हनीसन फडफडस."

"हा, मंग ठीक शे," गिरधर म्हणाला आणि पुन्हा चोळायला लागला.

गाडी सुटली. सुनंदाबाईंनी हात ढिला सोडला.