कोमट पाणी

हौसाच्या अंगणात कुणी यावं आणि गूळ-पाणी न घेता जावं, असं कधी घडत नसे. वाट चुकलेला का असेना, त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि पुढ्यात पाणी ठेवल्याशिवाय ती त्याचं नावही विचारत नसे. मग बागेतल्या मोठ्या घरी कामाला असताना ज्या चारुदत्तला तिने कडेवर घेऊन वाढवलं, तो चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात नव्या बायकोला घेऊन मुंबईहून रत्नागिरीला सुट्टीवर आला आणि तिच्या ओटीवर टेकला, तेव्हा तिला काय करू नि काय नको असं झालं. घासून लखलखीत केलेले दोन पेले तिने पुढे केले.

“नको गो हौसा,” चारुदत्त म्हणाला, “आत्ताच पिऊन आलो.”

त्याची बायको उमा काहीतरी बोलणार होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसली.

हौसा हसली खरी, पण गुळाची बशी तिने लगेच उचलून आत नेली. हे वाक्य तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. बागेतल्या मोठ्या घरच्या थोरल्या बाई, म्हणजे चारुदत्तची आजी, कलमं बघायला या बाजूला आल्या की नेमकं हेच म्हणायच्या. उन्हाने ओठ सुकलेले असत, पण हौसाच्या घरचं पाणी त्यांच्या सोवळ्यात बसत नसे. त्यांच्याकडे हौसाचा कपही वेगळा, मागच्या दारी कोनाड्यात पालथा घातलेला. हौसाने ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. जुनी माणसं, चालायचंच! पण चारूने असं करावं?

“म्हातारी गेली, पन समदं नातवाच्या पदरात घालून गेली,” ती नवऱ्याला, महिपतला म्हणाली.

“आसंल तहान नसलेली,” महिपत विडी झटकत म्हणाला. भर दुपारी कातळ तुडवत आलेल्या माणसाला तहान नाही, हे त्याचं त्यालाही पटलं नसावं.

हौसाने बागेकडे जाणंच सोडलं. पण रुसून बसायचं म्हटलं तरी माणूस किती बसणार? शेवटी करवंदं द्यायच्या निमित्ताने ती गेलीच. मागच्या दारी उमा स्टोव्हपुढे बसली होती. वर भलंमोठं पातेलं खदखदत होतं आणि आत नुसतं पाणी.

“आंगोळीचं पानी हितं तापवतेस होय, बाय?”

“प्यायचं आहे, हौसाबाई. मला कावीळ झाली होती ना. उकळल्याशिवाय थेंबही तोंडात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. माझ्याबरोबर हेसुद्धा तेच पितात.”

“पन ह्ये तर तुमच्याच हिरीचं!”

“कुठल्याही विहिरीचं असलं तरी.” उमाचा चेहरा उतरला. “त्या दिवशी मी खरं सांगणार होते. पण हे म्हणाले, हौसाला वाटेल, मुंबईचे नखरे आहेत.”

हौसाच्या छातीवरचा धोंडा उतरला. चारूचा मात्र असा राग आला की लहानपणी धरायची तसा कान धरावा. “उद्या दोघं माझ्याकडे या,” तिने सांगून टाकलं. “मी उकळून ठेवतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने चुलीवर पाणी चांगलं खळाखळा उकळलं आणि स्वच्छ फडक्यातून गाळलं. पण मे महिन्यात पाहुण्यांना गरम पाणी द्यायचं? बरं दिसतं का ते? तिचा थोरला मुलगा शिवा बंदरावर होड्यांमध्ये बर्फ भरायच्या कामाला होता. त्याच्याकडून तिने गोणपाटात गुंडाळलेली लादी मागवली, वरचा भुसा धुतला, वरवंट्याने बर्फ फोडला आणि पेल्यांत घातला. पेल्यांना बाहेरून घाम फुटला.

उमाने पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिचा हात थांबला.

“अगं, आम्ही आत्ताच...” चारुदत्तने सुरुवात केली.

“थांबा. पुन्हा ते नको.” उमाने पेला खाली ठेवला. “हौसाबाई, हा बर्फ कसल्या पाण्याचा?”

“बंदरावरला. मासळीवर घालतात त्यो.”

“तिथे पाणी उकळतात?”

दारात उभ्या शिवाने डोकं खाजवलं. “उकळतील कशाला? हाय तसं गोठवतात.”

“मग गोठलं तरी ते पाणी तसंच राहिलं. पेल्यात वितळलं की ते माझ्या पोटात जाणार. मला नाही चालायचं हो.”

महिपत खो खो हसला. “दिसभर माझी लाकडं जाळलीस, नि वरनं ह्ये!”

हौसा ओशाळली. पण दुखावली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. खरं कारण तोंडावर सांगितलं तर नकारही इतका हलका होतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

“चला, पुन्हा ठेवू या,” म्हणत उमा उठली आणि न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरली. चुलीपुढे पाटावर बसून फुंकणीने फुंकू लागली, धुराने खोकू लागली. चारुदत्त दाराशी येऊन उभा राहिला.

“हौसा, तुला वाईट वाटेल म्हणून खोटं बोललो गो.”

“वाईट त्याच्यानंच वाटलं, बाबा.”

त्याने वाकून चुलीत एक लाकूड सारलं. बाहेर महिपतने उरलेला बर्फ फडक्यात बांधून दुखऱ्या गुडघ्यावर धरला होता. लादी अगदीच वाया गेली नाही.

पाणी कोमट होईपर्यंत दिवस कलला. पाण्याला धुराचा वास येत होता. उमाने गुळाचा खडा तोंडात टाकला, पेला ओठांना लावून एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

“अजून द्या.”

हौसाने ओतलं. डोळ्यांत पाणी कशाने आलं म्हणून कुणी विचारलं असतं, तर तिने धुरावर ढकललं असतं.

पाहुणे गेल्यावर उरलेलं पाणी तिने छोट्या कळशीत भरलं. महिपत तांब्या घेऊन वाकला.

“हात लावू नका! उमाची हाय ती. येगळी ठेवलीय.”

बोलून गेली आणि तिथेच थबकली. महिपतही तिच्याकडे बघत राहिला. मग तिने कळशीवर झाकणी नीट बसवली, कळशी उचलली आणि माजघरात देवाच्या कोनाड्याखाली नेऊन ठेवली.