पाच वाजता सुटणारी बाई

शांताक्का दोन वर्षांच्या करारावर आखातात गेली आणि सातव्या महिन्यातच परत आली, तेव्हा मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात तिच्याविषयी बरंच बोललं गेलं. नवरा सत्यनारायण सगळ्यांना एकच सांगे, की तिकडचं हवापाणी तिला मानवलं नाही. शांताक्का ते ऐकून घेई.

ती गेली होती ती दुकानामुळे. सत्यनारायणचं शिलाईचं दुकान वडिलांपासूनचं; पण लोक तयार कपडे घेऊ लागले, त्यात त्याची नजर अधू झाली. शांताक्काचा हात मात्र मशिनवर चांगला बसलेला होता. एजंटानं सांगितलं, शर्टांचा कारखाना आहे, आठ तास काम, वरच्या तासांचे पैसे वेगळे, राहणं-जेवण कंपनीचं.

तिथं गेल्यावर कळलं, की जेवण कंपनी देणार आणि पगारातून कापून घेणार. सकाळी सातला सुरू झालेल्या मशिनी रात्री नऊला थांबत. वरचे तास करणार का, असं कुणी विचारत नसे. कँटीनचा भात कच्चा, डाळीला आंबूस वास. ज्यांना ते जात नसे त्या फाटकाबाहेरच्या दुकानातून खुबूस नावाची रोटी आणत आणि चहात बुडवून खात. एकाच जेवणाचे पैसे असे दोनदा जात. नऊनंतर स्वतः काही शिजवायचं त्राण कुणात उरत नसे.

मैसूरच्याच नजरबाद भागातली भागीरथीबाई तिच्याच खोलीत होती, वर्षभर आधी आलेली. पहिल्या आठवड्यात शांताक्का दुकानात टोमॅटो हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली आणि तो तसाच ठेवून परतली. भागीरथीबाई म्हणाली, "इथला भाव रुपयांत मोजू नका, शांताक्का. मोजलात तर घास उतरणार नाही."

ते जमणं कठीण होतं. खोलीतल्या अंबुबाईला तर मुळीच जमलं नाही. मुलीच्या शिक्षणासाठी राखायचं म्हणून ती चहावरच दिवस काढी. एका दुपारी ती मशिनवर कोसळली आणि सुई बोटातून आरपार गेली. पट्टी बांधून तिला त्याच दुपारी पुन्हा कामावर बसवलं.

शांताक्का सुपरवायझरकडे गेली. जेवणाची कपात बंद करा, आमचं आम्ही शिजवून खाऊ, त्यासाठी रोज एका बाईला आळीपाळीनं पाच वाजता सोडा, एवढंच तिचं मागणं होतं. त्यानं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तिच्या रांगेतल्या बायकांनी मशिनी सुरूच केल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. संध्याकाळी मॅनेजर आला आणि हे कुणी सुरू केलं म्हणून विचारू लागला. शांताक्कानं अंबुबाईच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

दोन दिवसांत तिला विमानात बसवलं. शेवटचा पगार तिकिटापायी गेला.

घरी आल्यावर तिनं सत्यनारायणला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुलाच काय गरज होती? बाकीच्या बसल्याच ना गप्प." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. शांताक्का घरीच ब्लाउज शिवू लागली. आपण उभं राहिल्यानं कुणाचं काही भलं झालं की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. जेवायला बसली की तिला अंबुबाई आठवे आणि ताटातलं तसंच राही.

काही महिन्यांनी भागीरथीबाईचा करार संपला. मैसूरला आल्यावर एका दुपारी ती शोधत शोधत घरी आली. सत्यनारायण तिथंच चाचपत बटणं लावत बसला होता.

"तुम्ही गेलात तसं लगेच आम्ही मशिनी सुरू केल्या," ती खाली बघत म्हणाली.

"बरोबर केलंत. दुसरं काय करणार?"

भागीरथीबाईनं मग पुढचं सांगितलं. आणखी बायका आजारी पडल्या, काम मागं पडलं, कँटीनवाल्याशी कंपनीचं बिनसलं. शेवटी कंपनीनं कँटीनच बंद केलं. "आमच्यासाठी नाही केलं त्यांनी. त्यांनाच ते महाग पडत होतं. पण कपात गेली. आणि रोज एक बाई पाचला सुटते. तुम्ही म्हणाला होतात तसंच."

शांताक्काच्या हातातलं शिवण मांडीवर पडलं. तिनं विचारलं, "पहिल्या दिवशी काय शिजवलंत?"

"डाळीचं सारू आणि भात. शिजवायची पाळी अंबुबाईची होती. तिखट फार पडलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळ्या तिखटालाच नावं ठेवत होत्या."

शांताक्कानं पदर तोंडाला लावला. परत आल्यापासून ती रडली नव्हती.

भागीरथीबाई निघाली तेव्हा सत्यनारायण तिला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. परतताना शेजारच्या शेषगिरीनं विचारलं, पाहुण्या कोण होत्या. हिच्याबरोबर कामाला होत्या, एवढं सांगून तो पुढं निघाला आणि पुन्हा थांबला.

"हवापाण्याचं मी खोटं सांगत होतो, शेषगिरी," तो म्हणाला. "बायकांना स्वयंपाकापुरता वेळ द्या, असं मागितलं हिनं. म्हणून हाकलली तिला."

दारात उभ्या असलेल्या शांताक्कानं ते ऐकलं होतं. ती आत गेली आणि तिनं भात लावला. दोघं जेवायला बसली तेव्हा दारात अजून ऊन होतं. सत्यनारायणनं आधी तिच्या पानात वाढलं आणि ती जेवू लागेपर्यंत थांबून राहिला.