गाडीला हात

"इंगलला थांबायचं नाही," कंट्रोलमधून वायरलेसवर ट्रेंट म्हणाला.

वॅलमे तेव्हा रॅम्पची फळी खुंटीवरून काढत होती. इंगल सायडिंगचा छोटा थांबा जवळ आला होता, आणि गुरुवारी इंगलला फळी लागते हे तिच्या हातांना तिच्याआधी कळायचं. या गाडीवर गार्ड म्हणून तिचे केस पिकले होते.

"काय म्हणालास?"

"इंगल गाळायचं. गाडी मागे पडलीय."

"मागे पडलीय कारण तुम्ही आम्हाला बाजूच्या रुळावर कोंडून गव्हाची मालगाडी पुढे काढलीत."

"मालगाड्या माझ्याकडे नाहीत, वॅलमे."

"फलाटावर ऑसी पेल उभा असणार. डायलिसिसला निघालाय तो. त्याची मूत्रपिंडं गेलीत रे बाबा, तो काय बाजार करायला नाही चाललेला."

"त्याच्यासाठी बस सांगितलीय. हे बघ, कॉलबीनला मंत्री येऊन बसलेत. आज उशीर नको."

रेल्वेत सुधारणा झाली होती ना! आधी गाड्या उशिरा यायच्या आणि लोक शिव्या घालायचे. मग राजधानीतून गुळगुळीत बुटांची माणसं आली, गावोगाव कॉफी प्यायली आणि त्यांना शोध लागला की गाडीला उशीर होतो तो माणसांमुळे. माणसं चढतात, उतरतात, म्हाताऱ्यांना फळी लागते. मग असं ठरलं, की वेळ मोजायची ती फक्त शेवटच्या स्टेशनात. मधलं स्टेशन गाळलं तर तो उशीर नाही. गाडी तिथे थांबलीच नाही, तर उशिरा कशी थांबेल? या अकलेबद्दल कोणाला तरी बढतीसुद्धा मिळाली असणार. रूळ तेच, कुरकुरणारे डबे तेच, मालगाड्यांची मुजोरी तीच. सुधारले ते आकडे.

तिने पुढे ड्रायव्हरला फोन लावला.

"बॅरी, थांब तू. माझ्या नावावर घाल."

"हिरवा सिग्नल आहे वॅल, वर कंट्रोलचा हुकूम. थांबलो तर घरी बसवतील, आणि ते मला, तुला नाही."

"आणि तो गेला म्हणजे?"

"एका दिवसानं कोणी मरत नाही."

"तू दोन दिवस लघवी तुंबवून बघ, मग सांग."

बॅरी कूटने फोन ठेवला. वॅलमेच्या डोक्यावर साखळीचं लाल हँडल होतं. हात वर केला की गाडी थांबली असती. पण त्या हँडलला तिची नोकरी लोंबत होती, पेन्शन लोंबत होतं, घराचे उरलेले हप्ते लोंबत होते. तिचा हात फळीवरच राहिला.

इंगलसारख्या ठिकाणी मागितल्याशिवाय गाडी थांबत नाही. फलाटावरच्या माणसाने हात करायचा आणि ड्रायव्हरने एक आखूड शिटी द्यायची. म्हणजे बघितलं बाबा, थांबतोय.

ऑसी उभा होता. लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना जन्मभर रांधून घालणारा ऑसी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, वॉकरच्या टोपलीत दवाखान्यातल्या नर्सेससाठी अंडी. त्याने हात केला.

आणि शिटी वाजली. आखूड.

ऑसीने हॅटला बोट लावलं, वॉकरचा ब्रेक सोडला आणि एक पाऊल पुढे आला. गाडी त्याच्या समोरून धडधडत निघून गेली. बंद दाराच्या काचेतून वॅलमेला तो दिसला आणि त्यालाही ती दिसली असणार, दोन्ही हातांत फळी धरलेली. धुळीच्या लोटात त्याचा हात मात्र पुन्हा वर गेला होता आणि वरच राहिला होता.

शेवटच्या स्टेशनात, कॉलबीनला, गाडी वेळेवर पोचली. बँड वाजला. इंजिनाच्या आकाराचा केक होता, त्याच्यावर निळं, ओठ रंगवणारं क्रीम. मंत्र्यांनी केकचं चाक कापलं आणि म्हणाले, "आपली रेल्वे आता कोणालाही ताटकळत ठेवत नाही." टाळ्या झाल्या. एका बाईने वॅलमेच्या कोटावर बिल्ला टोचला. 'वेळेवर!' असं लिहिलेला. कागदी बशीतला केक तिने तोंडाजवळ नेला. बशीसकट तो तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला. पलीकडे बॅरी निळ्या ओठांनी कोणाशी तरी हस्तांदोलन करत होता.

"ऑसीची बस आली का?" तिने ट्रेंटला विचारलं.

"निघाली होती. पुढचं माझ्याकडे येत नाही."

तिने दवाखान्यात फोन लावला. ऑसी पेल आलेला नव्हता.

परतीच्या गाडीत ती तिकिटं बघत हिंडली, पण कोणाचाच चेहरा तिला दिसला नाही. दुपार कलायला लागली तेव्हा इंगलचा फलाट आला. बाकावर ऑसी बसलेला होता. त्याने हात केला नाही. तरी गाडीचा वेग उतरला आणि ती थांबली. या वेळी शिटी वाजली नाही.

वॅलमेने दार उघडून फळी टाकली. ऑसी उठला नाही. त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या होत्या, आणि घोटे पावासारखे फुगले होते. वाक्यावाक्याला दम लागत होता.

"मी हात केला नव्हता, पोरी," तो म्हणाला. "जा. उशीर होईल तुम्हाला. तशीही ही गाडी दवाखान्यापासून लांबच जाते."

"ऑसी, बस..."

"आली असेल हमरस्त्यावर. बस तिथं येईल, अशी त्या पाटीवर अक्षरं पळत होती. हमरस्ता कुठं आणि मी कुठं! घरापर्यंतही जाववेना, म्हणून बसलो."

पूर्वी इथे टेलिफोनचं खोकं होतं. सुधारणेत ते काढलं आणि ती चकचकीत पाटी लावली. मोबाइल इथे लागत नाही. पाटीवर आता हिरव्या अक्षरांत आलं होतं, 'गाडी वेळेवर आहे.'

वॅलमेने वायरलेस उचलला. "ट्रेंट, इंगलला ॲम्ब्युलन्स पाठव. आत्ता. आणि निघाली असं सांगू नकोस, आली की मी सांगेन."

"पण तुम्ही थांबलात कशाला? वॅलमे, गाडी काढा!"

"फळी टाकलेली आहे. फळी असेपर्यंत दार लागत नाही आणि दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही. तुमचाच नियम आहे."

पुढून बॅरी चालत आला. टोपी हातात, ओठांच्या कोपऱ्यात अजून निळं. तो बाकापासून जरा लांबच उभा राहिला.

"शिटी दिली होतीस ना रे, बॅरी?" ऑसीने विचारलं.

"सवयीनं वाजली, ऑसी."

"हं. मीही सवयीनंच पुढं आलो."

बॅरीने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग तो इंजिनाकडे निघून गेला. खिडकीतून एका बाईने मान बाहेर काढली.

"अहो, किती वेळ अजून? मला पुढं न्यायला येणारेत."

"माहीत नाही," वॅलमे म्हणाली. "खरंच माहीत नाही."

ती ऑसीशेजारी बसली. त्याने टोपलीतली अंडी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "उन्हानं गेली असतील. पण फेकू नकोस, आधी पाण्यात टाकून बघ. बुडली तर चांगली." मग त्याने डोळे मिटले. त्याच्या छातीतली घरघर तिला ऐकू येत होती. तिने त्याचा हात हातात घेतला, सकाळी वर राहिलेला तोच. तो थंड आणि फुगलेला होता.

वायरलेसवर ट्रेंट तिचं नाव घेत राहिला. रस्त्यावर कुठेच धूळ उठलेली दिसत नव्हती. फळी तशीच पडून होती. एक टोक गाडीत, एक टोक फलाटावर, आणि वर कोणाचंच पाऊल नाही.